समुद्राची जवारी

मी तंबोरे करतो. मिरजेत आमच्या दुकानात तीन पिढ्या हेच चाललं आहे, आणि चौथी पिढी म्हणजे माझी एकुलती एक लेक माधवी, ती बोईसरला नवऱ्याकडे. जावई कारखान्यात, ती वाणगावच्या पूर्वेला एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका. यंदा दिवाळी संपताच मी तिच्याकडे गेलो तो हवापालटाला नव्हे. दुकान बंद करून तिच्याकडे कायमचं राहायला जमतंय का, ते बघायला गेलो होतो. कारण माझे कान गेले होते.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीनं केसभर, केसभर घासत जायचं. घासायचं, छेडायचं, ऐकायचं. एका क्षणी तार नुसती वाजायची थांबते आणि गुंजायला लागते, एका सुरातून पाच-दहा सूर उमलतात. याला जवारी लागली म्हणतात. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवून ती गुंज नेमकी जागी आणायची. हे सगळं ऐकण्यावर. गेल्या दोन वर्षांत माझं ऐकणं विरत गेलं. माधवीनं कानात घालायचं यंत्र आणून दिलं, त्यातून माणसांचं बोलणं कळतं, पण तंबोरा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. एका गायिकेचा तंबोरा चार महिने दुकानात तसाच उभा होता, तारा चढवलेला, जवारीवाचून मुका.

आणि याहून खोल एक भीती होती, ती मी कोणाला बोललो नव्हतो. आमच्या गुरुवारच्या सत्संगात चैतन्य म्हणजे काय यावर चर्चा व्हायची, तेव्हा मी ऐटीत सांगायचो, ‘‘नाद हीच चैतन्याची चाहूल. ज्याचा कान उघडा त्याचं आतलं दार उघडं.’’ चाळीस वर्षं हे बोललो. मग कान बंद झाल्यावर माझ्या आतल्या दाराचं काय? जाणीवच कमी कमी होत चालली आहे की काय, तेलाअभावी समई मंदावते तशी? रात्री उशीवर डोकं टेकलं की हाच विचार. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात आपण लोकांना वाढत होतो, असं वाटायचं.

बोईसर

माधवीचं घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. खाली रस्त्यावर सगळ्या मुलखाची माणसं. पान घ्यायला गेलो तर पानवाला हिंदीत, भाजीवाली तिच्या बोलीत, आणि शेजारचा जळगावचा माणूस मला ‘‘काय म्हनता’’ म्हणाला तेव्हा तर गळ्यात पडावंसं वाटलं. आमच्याकडे ज्वारीची भाकरी हे जेवण आणि भात हा शेवटचा घास. इथे भाकरीसुद्धा तांदळाची. पांढरीशुभ्र, मऊ, हातात घेतली की रुमालासारखी दुमडते. पहिल्या दिवशी मी चार खाल्ल्या आणि माधवीला म्हटलं, ‘‘ही भाकरी आहे की भाकरीची लहान मुलगी?’’

ती हसली, पण तिचं लक्ष माझ्या पिशवीकडे होतं. पिशवीतून मी कपड्यांबरोबर एक बारीक कानस काढून खिडकीत ठेवली होती.

‘‘अण्णा, ही कशाला आणलीत?’’

‘‘सवय,’’ मी म्हटलं.

लहानपणी मी काम करत असलो की ही पोर येऊन तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हनुवटी टेकून बसायची आणि मला वाजवायला लावायची. तिला गुदगुल्या व्हायच्या. आता माझ्याशी बोलताना तिला ओठ ठळक हलवावे लागत होते, आणि यंत्रातून येणारा तिचा आवाज कोणा परक्या बाईचा वाटत होता. दुकान आवरायला ती माझ्याबरोबर मिरजेला येईल, असं आमचं जवळजवळ ठरलं होतं.

पाड्यावर

तिसऱ्या दिवशी माधवी म्हणाली, ‘‘चला, तुमच्या भोपळ्याचा भाऊबंद दाखवते.’’ तिच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा जानूदादा तारपा करतात. तारपा म्हणजे वारली लोकांचं फुंकून वाजवायचं वाद्य: वर वाळवलेला दुधी भोपळा, त्यात खोचलेल्या दोन बांबूच्या नळ्या, आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा. सांधे सगळे मेणाचे. डोंगराच्या पायथ्याशी, भात कापून मोकळ्या झालेल्या तुकड्याच्या कडेला त्यांचं घर. आमचे भोपळे भीमाकाठचे, पोटात एखादं मूल बसेल एवढे. जानूदादांचा भोपळा ओंजळीत मावणारा. मी तो हातात घेतला, बोटानं ठोकला आणि सवयीनं कानाशी नेला. यंत्रानं नुसती खरखर केली.

अंगणात जानूदादांची बायको सोनीबाय सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी नव्या तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा समोर ठेवला. तिखटानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी हात थांबेना.

मग मी व्यवसायाचा प्रश्न विचारला. ‘‘जानूदादा, तारपा बरोबर लागला हे कसं ओळखता?’’

‘‘वाजवून.’’

‘‘वाजवून ठीक. पण कानाला काय कळतं?’’

जानूदादांनी माझ्याकडे बघितलं, मग माधवीकडे, जणू बाईंचे वडील शाळेतच गेले नव्हते. ‘‘कानाला का इचारता? पायाला इचारा. पाय उठला तं लागला. नाय उठला तं मेण काढून परत लावाचा.’’

मला हे गमतीचं वाटलं आणि थोडं खटकलंही. आमच्याकडे तंबोऱ्याला चुकून पाय लागला तर हात जोडून क्षमा मागतात. इथे वाद्याची परीक्षाच पायानं! जानूदादांनी गाल फुगवून तारपा फुंकला. श्वास तुटू न देता माणूस वाजवतच राहिला, वाजवतच राहिला. यंत्रातून मला भुंग्याच्या गुणगुणीसारखं काहीतरी पोचलं, म्हणून मी हात पुढे करून तारप्याचा भोपळा तळव्यानं धरला. जरा वेळानं सोनीबाय सूप खाली ठेवून हसायला लागल्या. त्या माझ्या पायाकडे बोट दाखवत होत्या. माझ्या उजव्या पायाचा अंगठा सारवलेल्या जमिनीवर ठेका धरून हलत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

‘‘कळला ना?’’ जानूदादा तोंडातला तारपा काढून म्हणाले. ‘‘तुमाला नाय कळला, पायाला कळला.’’

सगळे हसले, मीही हसलो. पण परत येताना मनात रुसून बसलो होतो. अंगठ्याला कळून काय उपयोग? अंगठा काय जवारी काढणार? मी माधवीला म्हटलं की दुकान आवरायला पुढच्या आठवड्यात निघू. तिनं होकाराची मान हलवली आणि बसच्या खिडकीबाहेर बघत राहिली.

तारापूरच्या समुद्रावर

बोईसरच्या बाजारात रत्नाबाई नावाची एक कोळीण माधवीला मासळी देते. माझ्या बहिरेपणाची तिला पहिल्याच दिवशी खबर लागली होती, कारण तिनं ‘‘बोंबील घ्या’’ म्हटलं आणि मी ‘‘हो, बरा आहे’’ असं उत्तर दिलं. सहाव्या दिवशी ती म्हणाली, ‘‘बाय, तुज्या बापाला आमच्या घरी पाठव. आमचा म्हातारा पन आयकून मासे धरतो. दोघांचा जमंल.’’

म्हातारा म्हणजे तिचा नवरा काशिनाथ तांडेल. वय सत्तरीचं, अंग सुकवलेल्या बोंबलासारखं, डोळे मात्र लहान मुलाचे. मोठ्या बोटी आता मासे शोधायला यंत्र वापरतात. काशिनाथभाऊंच्या छोट्या होडीत तसलं काही नाही. त्यांच्याकडे एक वल्हं आहे, त्यांच्या बापाचं, हातानं गुळगुळीत झालेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर काशिनाथभाऊ आणि मी तारापूरहून त्या होडीतून निघालो. मी समुद्रावर आयुष्यात पहिल्यांदा. आमच्या कृष्णेचा घाट मी बघितलेला, तिथं पाणी तुमच्या पायाशी येतं आणि थांबतं. इथे पाणी थांबायला तयारच नव्हतं. दहा मिनिटांत पोटातला चहा वर यायला लागला, तो मी धैर्यानं खाली ढकलला. तेवढ्यात एक लाट बाजूनं आली आणि तोंडावर फुटली. कानातलं यंत्र एकदा किंचाळलं आणि मेलं. खारं पाणी आत गेलं होतं. ते मी खिशात टाकलं आणि जग बंद झालं. इंजिन धडधडत होतं ते फक्त बुडाला कळत होतं. मनात म्हटलं, झालं, आता ऐकायला आलेला माणूस ठार बहिरा होऊन होडीत बसलाय.

बराच पुढे गेल्यावर काशिनाथभाऊंनी इंजिन बंद केलं. वल्हं उचलून पातं खाली पाण्यात सोडलं, उभं धरलं, आणि दांड्याचं टोक कपाळाला टेकवलं. डोळे मिटले. मी बघत राहिलो. देवळात माणूस खांबाला टेकून उभा राहतो तसे ते दिसत होते. मग त्यांनी डोळे उघडले, मला खूण करून जवळ बोलावलं, आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, ‘‘ढोमं हाय! घोळ पन आसंल! तुमी आयका!’’

‘‘मला नाही ऐकू येणार!’’ मीही ओरडलो. ‘‘यंत्र गेलं!’’

‘‘कान नका लावू! डोकं लावा! दात लावलं तरी चालंल!’’

मी दांडा दोन्ही हातांनी धरला, ओलं लाकूड कपाळावर टेकवलं.

कसं सांगू? वाचणाऱ्यांनो, दोन वर्षं मी पत्र्याच्या डब्यात राहत होतो. लाकूड कपाळाला लागलं आणि डब्याचं झाकण उडालं! टर्र, टर्र, टर्र, खालून शेकडो मासे बोलत होते. एक सुरू करायचा, दुसरा उचलायचा, मग सगळे एकदम. हा ढोमा, लहान मासा, पोटातून आवाज काढतो, हे काशिनाथभाऊंनी नंतर सांगितलं. त्या क्षणी मला फक्त एवढं कळत होतं की आवाज स्वच्छ आहे, गोल आहे, त्याला कडा आहेत. आणि मग, त्या सगळ्याच्या खाली, एक सूर लागला. अखंड. श्वास न घेता लागलेला, गडद, खर्जातला षड्ज. त्यावर माशांचे आवाज उमटत होते आणि विरत होते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ज्याच्याविषयी मी चाळीस वर्षं सत्संगात बोललो तो हाच! कोणी न छेडलेला, सृष्टीच्या मुळाशी घुमणारा अनाहत नाद! मला, मिरजेच्या एका बहिऱ्या कारागिराला, होडीत बसल्या बसल्या!

‘‘काशिनाथभाऊ!’’ मी गदगदून ओरडलो. ‘‘अनाहत नाद! खाली अखंड सूर आहे! तुम्हाला येतो का?’’

त्यांनी दांडा घेतला, टेकवला, ऐकला, आणि किनाऱ्याकडे हात केला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘‘तो पंप हाय. पान्याचा. दिसभर चालतो.’’

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे. आणि आम्ही दोघे म्हातारे इतके हसलो की होडी हलायला लागली. किनाऱ्यावर कुठंतरी पाण्याचा पंप चालला होता आणि मी त्याला साष्टांग नमस्कार घालायच्या बेतात होतो. असली चूक तंबोरेवाल्याशिवाय दुसरा कोण करणार? जगात सतत वाजणारं काहीही दिसलं की आम्हाला त्यात ब्रह्म दिसतं.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, ‘‘मग हे मासे त्या आवाजाला भीत नाहीत?’’

ते कानाशी ओरडले, ‘‘आधी पळत व्हते. आता सवय झाली. आता त्याच्यावरच बोलतान.’’

त्याच्यावरच! मी पुन्हा दांडा कपाळाला लावला. आता मला माहीत होतं की तो पंप आहे, आणि तरीही, खरं सांगतो, माझा आनंद रतीभरही कमी झाला नाही. पंप किनाऱ्यावर, मासे खोल पाण्यात, काशिनाथभाऊंच्या बापाचं वल्हं मधे, आणि शेवटाला माझ्या कपाळाचं हाड. यातला ऐकणारा कोण? मी एकटा म्हणायचा का? पाणी थरारत होतं म्हणून वल्हं थरारत होतं, वल्हं थरारत होतं म्हणून मी. जानूदादांच्या अंगणात माझ्या अंगठ्याला जे कळलं ते हेच. जाणीव माझ्या डोक्यात कोंडलेली आहे आणि कान ही तिची एकुलती खिडकी, असं मी धरून बसलो होतो. ती तर सगळीकडे पसरलेली, लाकडात नि पाण्यात नि माशात एकच वाहणारी, आणि मी तिच्यातलं एक टेकण्याचं ठिकाण. खिडकी बुजली म्हणून मी घर विकायला निघालो होतो!

आणि तेव्हाच दुसरी गोष्ट आठवली आणि मी कपाळावर हात मारून घेतला. मिरजेच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी नादकाटा वाजवून तो आधी कानापाशी धरला होता, तिथं काही आलं नाही. मग कानामागच्या हाडावर टेकवला, तो खणखणीत वाजला. ते म्हणाले होते, ‘‘आतली नस चांगली आहे, अण्णा. मधली वाट बंद आहे.’’ मी त्यातलं ‘बंद आहे’ एवढंच घरी घेऊन आलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कळसा शोधायला मला तारापूरपर्यंत यावं लागलं.

त्या दिवशी जाळ्यात ढोमेच मिळाले, महागाची मोठी घोळ नाही. रत्नाबाईंनी त्यांचं आंबट-तिखट कालवण केलं आणि मी पहिल्यांदाच भातापासून जेवायला सुरुवात केली. निघताना काशिनाथभाऊंनी घरातल्या देवाजवळच्या डबीतून एक पांढरा खडा काढून माझ्या हातावर ठेवला, चिंचोक्याएवढा, आणि पुन्हा कानाशी तोंड आणून म्हणाले,

‘‘घोळीच्या डोक्यात असतो. हा तिचा कान. तिला कुठं भाईर कान हाय? हाडानंच आयकते.’’

बोईसरला परतल्यावर मी माधवीला मेलेलं यंत्र आणि तो खडा दोन्ही दाखवले आणि सगळं एका दमात सांगितलं. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर म्हाताऱ्या बापाच्या उत्साहाला दुखवायचं नाही अशी माया दिसत होती. कागदावर तिनं लिहिलं, ‘मिरजेला जाऊ. एकदा करून बघा. नाही जमलं तर आवरू.’ सरळ मुद्द्याची पोर आहे.

मिरज

दुकानाचं कुलूप काढलं तेव्हा तंबोरा कोपऱ्यात तसाच उभा होता. मी मांडी घालून बसलो, भोपळा मांडीवर घेतला, आणि दांडीला कपाळ टेकवून तार छेडली. आवाज आला. कोरडा, चपटा, जवारी नसलेला, पण खरा. आपल्याच कामातला दोष इतका स्वच्छ ऐकू आल्याचा आनंद दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही.

बोईसरच्या खिडकीतून परत आलेली कानस काढली. घोडीवर केसभर फिरवली, कपाळ टेकवलं, छेडलं. परत फिरवली. मान अवघडली, कपाळावर वळ उठला. माधवी समोर बसून बघत होती. दुपार कलली तेव्हा पहिली तार उघडली. एका सुरातून दुसरा, त्यातून तिसरा, माझ्या कवटीच्या आत, दातांत, छातीत. धागा सरकवला. गुंज जागेवर बसली. मी डोळे उघडले तर माधवी रडत होती, म्हणजे तिला बाहेरून कळलं होतं.

मी तिला हातानं जवळ बोलावलं आणि भोपळ्याकडे बोट दाखवलं. तिला लगेच समजलं. चाळिशी ओलांडलेली ती शाळेची बाई जमिनीवर बसली आणि लहानपणी टेकवायची तशी हनुवटी भोपळ्यावर टेकवली. दुसऱ्या बाजूनं मी दांडीवर कपाळ ठेवलं. तारा अजून गुंजत होत्या.

‘‘अण्णा,’’ ती म्हणाली, ‘‘भूक लागलीय. जेवायला चला.’’

यंत्रातली परकी बाई नव्हती ती. भोपळ्यातून, दांडीतून कपाळात आलेला माझ्या माधवीचा आवाज होता, दोन वर्षांनी.

मी म्हटलं, ‘‘परत म्हण.’’